हलक्या कानाचे राज्य : नगरच्या निजामशाहीतील एका प्रकरणाचा विचार

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरसाल कुळांची हकीकत, देवस्थानांची माहिती व समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात आणि ते यथायोग्यच आहे. यंदा आम्ही वाचकांची अनुज्ञा घेऊन थोडी निराळी वाट धरीत आहोत. ज्या भूमीवर आपली घरे उभी आहेत, त्या भूमीच्या राजकीय इतिहासातील एक प्रकरण आपणांपुढे मांडावे आणि त्यातून आपल्यासारख्या संसारी व संस्थाप्रेमी माणसांनी काय घ्यावे ह्याचा विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

सीनेकाठचे आपले नागापूर आज शहराच्या पोटात आले आहे. औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे आणि मनमाडच्या रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्या मालमोटारींचा घरघराट हाच त्याचा नित्याचा परिचय झाला आहे. तथापि ज्या नगराच्या वेशीवर हे गाव वसले, ते नगर एके काळी दक्षिणेतील एका मातब्बर राज्याची राजधानी होते. मलिक अहमदाने १४९० मध्ये बहमनी सत्तेशी फारकत घेतली, १४९४ च्या सुमारास सीनेच्या तीरी शहराचा पाया घातला आणि १६३६ मध्ये त्याच्या वंशाचे राज्य कायमचे लयास गेले. म्हणजे जेमतेम दीडशे वर्षांचा हा खेळ झाला.

हे राज्य का बुडाले, असे शाळेतील मुलास विचारले तर मोगलांनी ते जिंकले असे तो सांगेल. उत्तर चूक नाही. पण ते अपुरे आहे. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. नगरचे घर मोगल फौज दाराशी येण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे आतून फिरले होते. गादीवरील माणसाचे चित्त ठिकाणावर नव्हते आणि त्याच्या कानाशी बातमी पोचविणारी माणसे विकली गेली होती. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे नगरइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या कोणत्या इतिहासात दिसेल.

राजा आणि प्रधान

१५६५ मध्ये तालीकोटच्या लढाईनंतर थोड्याच महिन्यांत हुसेन निजामशहा वारला व त्याचा मुलगा मूर्तजा गादीवर आला. तो अल्पवयी असल्यामुळे काही वर्षे त्याची आई खुंजा हुमायून हिने कारभार पाहिला. पुढे मूर्तजाने सरदारांच्या साहाय्याने आईस कैदेत टाकले व राज्य हाती घेतले. प्रारंभी तो कर्तबगार वाटला. त्याच्या सुदैवाने त्यास ख्वाजा मीरक दबीर नावाचा एक असामान्य प्रधान लाभला. ‘चेंगीजखान’ ह्या किताबाने तो इतिहासात प्रसिद्ध आहे. इराणातून आलेला हा गृहस्थ लेखणी व तलवार दोन्ही सारख्याच सफाईने चालवीत असे.

त्या काळी वऱ्हाडची इमादशाही नावापुरती उरली होती. तुफालखान नावाच्या सरदाराने आपल्या धन्यास नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून राज्य बळकाविले होते. चेंगीजखानाने प्रथम विजापूरच्या आदिलशहाशी तह करून पाठीची बाजू सुरक्षित केली आणि मग वऱ्हाडवर मोहीम काढली. १५७४ मध्ये गाविलगड व नरनाळा हे दुर्घट किल्ले पडले, तुफालखान कैद झाला आणि संपन्न वऱ्हाड प्रांत नगरच्या राज्यास जोडला गेला. मध्ये पडू पाहणाऱ्या खानदेशच्या सुलतानासही चेंगीजखानाने हटविले. निजामशाहीचा विस्तार ह्यापूर्वी कधी एवढा झाला नव्हता. आता बीदरवर चालून जावे, असा प्रधानाचा बेत होता.

एकाच विहिरीचे पाणी

बीदर पडले तर पुढची पाळी आपली, हे गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने ओळखले. त्याचा हेजीब, म्हणजे दरबारी वकील, शाह मिर्झा इस्फहानी निजामशहाच्या छावणीत होता. त्या काळचा हेजीब हा अर्धा वकील व अर्धा हेर असे. त्याने प्रथम चेंगीजखानास मोठ्या रकमेचे आमिष दाखवून बीदरचा बेत सोडण्यास सुचविले. प्रधानाने ते साफ झिडकारले. तेव्हा हेजिबाने दुसरी वाट शोधली. मूर्तजाच्या मर्जीतला साहिबखान नावाचा एक तरुण होता. त्याच्या उद्दामपणाबद्दल चेंगीजखानाने त्यास शासन केले होते व तो डूख धरून होता. हेजिबाने त्यास हाताशी धरले. चेंगीजखान वऱ्हाडात स्वतंत्र राजा होऊ पाहत आहे, असे साहिबखानाने धन्याच्या कानी घातले.

येथून पुढचा भाग वाचकांनी सावकाश वाचावा, अशी आमची विनंती आहे. कारण मूर्तजाने ती बातमी ऐकताक्षणीच खरी मानली, असे घडले नाही. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की राजाने प्रथम ती द्वेषमूलक म्हणून उडवून लावली. त्यावर साहिबखान म्हणाला, की माझ्यावर विश्वास नसेल तर शाह मिर्झास विचारावे. तो प्रधानाच्याच देशचा, त्यास सारे ठाऊक असणार. राजाने हेजिबास गुप्तपणे बोलाविले आणि त्याने अर्थातच दुजोरा दिला. राजास वाटले, आता दोन साक्षी झाल्या. वस्तुतः साक्ष एकच होती. दोन घागरी भरून आल्या तरी पाणी एकाच विहिरीचे होते आणि त्या विहिरीत विष होते.

राजाने ह्यापुढेही एक परीक्षा घेतली. आपणांस वऱ्हाडाचा कंटाळा आला असून नगरास परतावेसे वाटते, असे त्याने प्रधानास सांगितले. प्रधानाने प्रामाणिकपणे सल्ला दिला, की मुलूख नवा आहे. हुजुरांनी आणखी पाच-सहा महिने राहून रयतेचे मन स्थिर करावे व नंतर परतावे. मागचा बंदोबस्त सेवक पाहील. कोणाही जबाबदार कारभाऱ्याने हेच सांगितले असते. पण ज्याच्या डोळ्यांस कावीळ झाली आहे त्यास सारे पिवळेच दिसते. प्रधान मागे राहू इच्छितो, हाच राजास बंडाचा पुरावा वाटला.

धन्याची मर्जी फिरल्याचे ओळखून चेंगीजखान प्रकृतीचे निमित्त करून दरबारात येईनासा झाला. तेव्हा राजाने हकीम मुहम्मद मिस्री ह्याच्या हाती औषधाच्या नावाने विष पाठविले. ते काय आहे हे प्रधानाने ओळखले होते. त्याच्या हाताखाली विजयी फौज होती. मनात आणले असते तर खरोखरच बंड करता आले असते. त्याने तसे केले नाही. राजास एक अखेरचे पत्र लिहून राज्यहिताच्या चार गोष्टी सुचविल्या आणि तो पेला घेतला. राजनिष्ठेचा सर्वांत मोठा पुरावा त्याने आपल्या मरणाने दिला. पण तो पुरावा पाहून करावयाचे काही उरले नव्हते.

थोड्याच दिवसांत कुतुबशाही वकिलाचे कारस्थान उघडकीस आले. राजाने त्यास छावणीतून हाकलून दिले. बीदरची मोहीम मात्र राहिली ती राहिलीच. गोवळकोंड्यास जे लाखो होन खर्चून व हजारो माणसे मारून साधले नसते, ते एका खोट्या बातमीने साधले.

बंद दाराआड

ह्या पश्चात्तापाने मूर्तजाचे मन खचले. नगरास परतल्यावर त्याने सरदार व धर्मशास्त्री ह्यांस एकत्र करून सांगितले, की न्याय कोणता व अन्याय कोणता हे आपणांस ओळखता येत नाही, म्हणून राज्य करण्यास आपण योग्य नाही; कारभार आपण वकिलावर सोपवीत आहोत. मग किल्ल्यातील ‘बगदाद’ नावाच्या महालात तो एकांतवासात गेला. पुढे अनेक वर्षे रयतेस तर नव्हेच, पण मोठ्या सरदारांसही त्याचे दर्शन दुर्लभ झाले. लोक त्यास ‘दिवाणा’ म्हणू लागले.

राजाने स्वतः आपली असमर्थता जाहीरपणे कबूल करावी, हा प्रसंग अपूर्व म्हटला पाहिजे आणि त्याबद्दल त्याच्याविषयी थोडी सहानुभूतीही वाटते. परंतु त्याने काम सोडले, सत्ता सोडली नाही. शिक्का त्याचाच राहिला. महालाच्या बंद दाराआडून चिठ्ठी बाहेर आली की ती राजाज्ञा ठरत असे. मग ज्याच्या हाती ते दार, त्याच्या हाती राज्य, अशी स्थिती झाली. आणि ते दार आरंभी कोणाच्या हाती होते? ज्याने चेंगीजखानावर तोहमत घेतली, त्याच साहिबखानाच्या. बातमी खोटी ठरली, परका वकील हाकलला गेला. घरातला खोटा बातमीदार मात्र धन्याच्या अधिकच निकट राहिला. त्याने प्रतिष्ठितांच्या घरांवर व बायकामुलींवर केलेल्या अत्याचारांनी राजधानी हैराण झाली. अखेर सरदारांनीच त्याचा काटा काढला.

फिरिश्त्याने एक हृदयस्पर्शी आख्यायिका दिली आहे. मूर्तजाचा भाऊ बुऱ्हाण ह्याने एकदा उठाव केला. राजा जिवंत आहे की नाही, ह्याचीच लोकांत शंका पसरली होती. तेव्हा मूर्तजा हत्तीवर बसून नगराच्या रस्त्यातून निघाला. एका औषधे विकणाऱ्याच्या दुकानापाशी हत्ती थांबवून त्याने विचारले, की बिघडलेल्या डोक्यावर काही औषध आहे काय? आणि मग तोच म्हणाला, की त्याची गरज अधिक कोणास आहे हे मला कळत नाही : राजा असून फकिरासारखे राहू पाहणाऱ्या मला, की सुखात असून संकटात उडी घेणाऱ्या माझ्या भावाला. ज्यास आपण वेडा म्हणतो त्याच्या तोंडी असे शहाणपण आलेले पाहून मन गलबलते. मनोविकार हा सतत सारखा नसतो. मधून मधून ऊन पडावे तसे भान येते. म्हणून तर जवळच्यांस निर्णय घेणे कठीण जाते.

साहिबखानानंतर राज्याच्या भाग्याने सलाबतखान हा दक्ष प्रधान पुढे आला. त्याने अनेक वर्षे मुलखात चांगला बंदोबस्त ठेवला. फराहबागेची वास्तू त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये पूर्ण झाली. शहादोंगरावर जी अष्टकोनी तीन मजली इमारत आपण सहलीस जाऊन पाहतो व जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वस्तुतः ह्या सलाबतखानाची कबर होय. परंतु सर्व कर्तृत्वाचा आधार बंद दाराआडची लहर हाच होता. राजाच्या मर्जीतल्या फतेहशाह नावाच्या कलावंतिणीने विजयनगरच्या लुटीतील दोन मौल्यवान कंठे मागितले. खजिना वाचवावा म्हणून सलाबतखानाने त्यांऐवजी दुसरेच पाठविले. हे कळताच राजाने सारे जडजवाहीर एका दालनात मांडावयास लावून त्यास आग लावली, असे फिरिश्ता लिहितो. पुढे १५८८ मध्ये ह्याच प्रधानास कैदेची आज्ञा झाली. कोणत्या किल्ल्यात जावयाचे एवढेच त्याने विचारले. दंडाराजपुरी असे उत्तर मिळताच त्याने स्वहस्ते बेड्या घालून घेतल्या व तो पालखीत बसून निघाला. चेंगीजखान गेला, सलाबतखान गेला. इमानी माणसे अशी एकेक करून आज्ञापालनानेच नाहीशी झाली. उरले ते आज्ञा न पाळणारे.

त्यानंतरचा शेवट वेगाने आला. आपला मुलगा मीरान हुसेन आपणांस पदच्युत करणार, ह्या संशयाने मूर्तजाने त्यास जवळ बोलावून त्याच्या शयनगृहास आग लावली. मुलगा कसाबसा वाचला व दौलताबादेस पोचला. आणि मग तो संशय खरा झाला. मिर्झाखान नावाच्या कारभाऱ्याने मुलास हाताशी धरून राजधानीवर चाल केली. १५८८ च्या उन्हाळ्यात त्या मुलाने बापास स्नानगृहात कोंडून, दारे-खिडक्या बंद करून, खाली जाळ पेटवून गुदमरून मारले. फिरिश्ता त्या समयी राजवाड्याच्या पहाऱ्यावरील अधिकारी होता. मीरान हुसेनाने ओळखले म्हणून तो बचावला. पुढे तो विजापुरास गेला व तेथे त्याने आपला ग्रंथ रचला. शेवटच्या दिवसांचे त्याचे वर्णन म्हणूनच प्रत्यक्षदर्शी आहे. चेंगीजखानाची हकीकत मात्र त्याने लहानपणानंतर ऐकलेली असावी. शिवाय तो स्वतः परदेशी पक्षाचा होता, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. साक्षीदारांची पारख करा असे सांगणाऱ्या लेखाने आपल्या साक्षीदाराची पारख न करणे शोभणार नाही.

वारसा

पितृघातकी मीरान हुसेन वर्षभरही टिकला नाही. त्यानेही संशयाने राजकुळातील पुरुष मारविले आणि १५८९ मध्ये त्याच मिर्झाखानाने त्याचे डोके उडविले. त्यावरून नगरात दक्षिणी व परदेशी ह्यांची भयंकर कत्तल झाली. त्या दंगलीत मिर्झाखानही मेला.

१५९५ मध्ये मोगल फौज नगरच्या किल्ल्याभोवती येऊन बसली, तेव्हा चांदबिबीने सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजवून किल्ला राखला. हा पराक्रम सर्वांस विदित आहे. परंतु १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांस द्यावे लागले. म्हणजे ज्या वऱ्हाडाच्या पायी चेंगीजखानास विष दिले, ते वऱ्हाड बावीस वर्षांत हातचे गेले. आणि १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला असता काय घडले? किल्ला टिकणे अशक्य दिसताच वाटाघाट करून बालराजासह जुन्नरास निघून जावे, असे चांदबिबीने एका विश्वासातल्या माणसास बोलून दाखविले. त्याने रस्त्यावर धावत जाऊन, बेगम मोगलांस फितूर झाली, अशी आरोळी ठोकली. जमाव महालात शिरला आणि जिने किल्ला राखला होता तिलाच त्याने ठार मारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये किल्ला पडला. ह्या वेळी हलक्या कानाचा राजा नव्हता, हलक्या कानाची प्रजा होती. फळ तेच मिळाले.

पुढे मलिक अंबराने पंचवीस वर्षे हे राज्य आपल्या बाहुबळावर उभे ठेवले. १६२६ मध्ये तो वारला आणि तीनच वर्षांत, १६२९ मध्ये, जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव ह्यांची मुलांसह दौलताबादेच्या दरबारात हत्या झाली. संशयाची जुनी चाल तीच होती. ह्या एका कृत्याने मराठा सरदारांचे मन निजामशाहीवरून उडाले.

वेडाचा आरोप

आता ह्या नाण्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान ह्याने पुढे तत्कालीन निजामशहास कैद केले तेव्हा, राजास वेड लागले आहे, असेच कारण पुढे केले; आणि मग त्यास ठार मारून एक अल्पवयी मुलगा गादीवर बसविला. म्हणजे मूर्तजाच्या वेळी वेड खरे असून उपाय कोणी केला नाही, तर येथे वेडाचे निमित्त करून राजाच नाहीसा केला. कोणाही नावडत्या पुढाऱ्यास वेडा ठरविता येऊ लागले तर तो उपाय रोगाहून भयंकर होतो. म्हणून, राज्यकर्ता असमर्थ झाला हे कोणी, कोणत्या रीतीने व कोणासमक्ष ठरवावयाचे, हा खरा प्रश्न आहे. निजामशाहीस त्याचे उत्तर कधीच सापडले नाही.

आपल्या मराठेशाहीसही ते सापडले नव्हते. आपल्या जिल्ह्याने २०२४ पासून ज्या पुण्यश्लोक अहल्याबाईंचे नाव धारण केले आहे, त्या चौंडीच्या कन्या ज्या होळकर घराण्यात नांदल्या, त्याच घराण्यातील यशवंतराव होळकर हा इंग्रजांशी निकराने झुंजलेला वीर. भानपुऱ्यास तोफा ओतविण्याच्या कामी अहोरात्र खपत असता त्याच्या मनाचा तोल गेला आणि १८११ मध्ये तशाच अवस्थेत तो निवर्तला. त्याच्या नावाने कारभार तुळसाबाई व तिच्या भोवतीचे लोक पाहू लागले. सैन्य व दरबार ह्यांत परस्परांविषयी एवढा अविश्वास माजला, की डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी होळकरांच्याच सैन्याने तुळसाबाईचा वध केला. दुसऱ्या दिवशी लढाई हरली आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह होऊन होळकरांचे स्वातंत्र्य संपले.

यशवंतरावास किंवा मूर्तजास दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच आजार आहे. त्यात लाज नाही व पापही नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे रोगनिदान आज करू जाणे हेही धाडसाचे होय. आमचे म्हणणे एवढेच, की आजारी माणसाच्या उशाशी औषध असावे, राज्याचा शिक्का नसावा.

उपाय कोणते?

खोट्या बातमीवरील उपाय आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे सांगितले आहे, की परस्परांस न ओळखणाऱ्या तीन हेरांची वार्ता जुळली तरच ती विश्वसनीय मानावी आणि ज्यांची वार्ता वारंवार चुकते त्यांस कामावरून दूर करावे. दोन्ही पक्षांकडून वेतन घेणाऱ्या हेरास त्या ग्रंथात ‘उभयवेतन’ अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. मूर्तजाने ह्यांतील पहिला नियम अर्धाच पाळला : साक्षी मोजल्या, पण त्या एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे पाहिले नाही. दुसरा नियम तर त्याने उलटाच चालविला. खोटे बोलणाऱ्यास जवळ केले.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगल फौजांनी वाट अडविली असता, शिवछत्रपतींस त्यांचा हेर बहिर्जी नाईक ह्याने आडवाटेने अकोल्याच्या डोंगरातील पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणले, असे सभासदाने लिहिले आहे. त्या किल्ल्याचे नाव पुढे विश्रामगड पडले. बातमीदार चोख असला व धनी सावध असला म्हणजे बातमी प्राण वाचविते. एरवी तीच प्राण घेते.

हे सारे जुन्या राजेरजवाड्यांपुरते आहे असे कोणी समजू नये. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे, इराकपाशी जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, असे सांगितले. त्या विधानाचा मुख्य आधार जर्मनीत आश्रयास आलेल्या एका इराकी अभियंत्याची जबानी हा होता. जर्मन हेरखात्यासही त्याच्याविषयी शंका होती. युद्ध झाले, राज्य उलथले, असंख्य माणसे मेली. त्या प्रयोगशाळा मात्र सापडल्या नाहीत. २०११ मध्ये त्या माणसाने आपण खोटे बोललो हे कबूल केले. साधने बदलली, उपग्रह आले, पण जे ऐकावेसे वाटते तेच खरे मानण्याचा मनुष्यस्वभाव मूर्तजाच्या छावणीत होता तसाच राहिला.

राज्यकर्त्याच्या असमर्थतेवरील उपाय मात्र आधुनिक युगाची देणगी आहे. अमेरिकेने १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती करून, राष्ट्राध्यक्ष कार्य करण्यास असमर्थ झाल्यास अधिकार उपाध्यक्षाकडे कसे जावेत, ह्याची रीत घालून दिली. आपल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ अन्वये, सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून घोषित केलेली व्यक्ती संसदेची किंवा विधिमंडळाची सदस्य राहू शकत नाही. येथे ‘न्यायालयाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फत्तेखानाच्या तोंडी आरोपास येथे थारा नाही. शिवाय मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे, मुदतीच्या निवडणुका, मोकळी वृत्तपत्रे ह्या सर्व गोष्टी म्हणजे राजाच्या बंद महालास पाडलेल्या खिडक्याच होत. त्यांतून कधी धूळ येते, कधी गोंगाट येतो. पण खिडक्या बुजविल्या म्हणजे आत काय होते, हे नगरच्या स्नानगृहाने दाखविले आहे.

आपल्यापुरता विचार

सुज्ञ वाचकहो, आपण राज्ये चालवीत नाही. पण घरे चालवितो, पेढ्या चालवितो, पतसंस्था, वसतिगृहे व हे ज्ञातिमंडळ चालवितो. येथेही एखादा कर्ता पुरुष वयोमानाने किंवा आजाराने थकतो. त्याच्या खोलीच्या दाराशी कोणीतरी बसते आणि ‘अण्णांनी असे सांगितले’, ‘काकांची अशी इच्छा आहे’ अशा निरोपांवर घरे फुटतात, जमिनी वाटल्या जातात, मंडळात तट पडतात. अशा वेळी त्या वडीलधाऱ्याचा मान तसूभरही कमी न करता, त्याच्या खांद्यावरचा भार चारचौघांच्या विचाराने व लेखी ठरावाने उतरवून घ्यावा. त्यांस स्वतः भेटावे; दारावरच्या माणसाच्या तोंडून भेटू नये. वैद्यकीय साहाय्य घेण्यास संकोच करू नये.

तसेच, अमुक चिटणीसाने पैसा खाल्ला, तमुक घरच्यांनी सोयरीक मोडली, असे कोणी कानाशी येऊन सांगितले तर तीन गोष्टी पाहाव्यात : सांगणाऱ्याचे त्यात काय गुंतले आहे; दुजोरा देणारा त्याच्याच विहिरीचे पाणी प्यालेला नाही ना; आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते त्यास आपली बाजू मांडण्याची संधी दिली काय. चेंगीजखानास एवढी एक संधी मिळाली असती, समोरासमोर एकदा विचारले गेले असते, तर कदाचित नगरचा इतिहास निराळा लिहावा लागला असता.

शहादोंगरावर मुलाबाळांना घेऊन गेल्यावर ती वास्तू कोणाची हे त्यांस अवश्य सांगावे. ज्याने बेड्या स्वतः घालून घेतल्या तो प्रधान तेथे निजला आहे. इमानी माणसे दर पिढीत जन्मास येतात. त्यांस ओळखणारे कान व डोळे आपल्या समाजात सदैव जागे राहोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.